धावत्या चाकावर किती जोर येतो, आणि तो मोजतात कसा

साखर कारखान्याच्या काट्यावर उसाची ट्रॉली उभी राहते, आकडा पडतो, पावती फाटते. त्या आकड्यावर शेतकऱ्याचं बिल ठरतं, तोडणीची मजुरी ठरते, वाहतुकीचं भाडं ठरतं. पण तो आकडा उभ्या ट्रॉलीचा असतो. तीच ट्रॉली थोड्या वेळापूर्वी माजलगावच्या अलीकडे काळ्या मातीवरच्या खचलेल्या रस्त्यावरून हेलकावत येत होती, तेव्हा तिच्या डाव्या चाकावर किती भार होता? एका क्षणी चाक जवळजवळ मोकळं झालेलं असेल, आणि पुढच्याच क्षणी खड्ड्याच्या काठावर आपटताना त्यावर नेहमीच्या कितीतरी पट जोर आला असेल. एक्सल तुटतो तो या दुसऱ्या क्षणांमुळे. काट्यावरच्या वजनाने तो सहसा तुटत नाही.

गाड्यांचे आराखडे करणारे फार पूर्वीपासून एक ठोकताळा वापरत आले आहेत: खड्ड्याच्या हादऱ्यासाठी उभ्या भाराच्या तिप्पट जोर धरायचा. ठोकताळा वाईट नाही, पण तो ठोकताळाच. प्रत्यक्षात किती जोर आला हे कळायचं असेल तर धावत्या चाकातच मोजमाप करावं लागतं. ते कसं करतात हे इथे नीट उलगडून सांगायचं आहे, कारण वाळूज, चिकलठाणा आणि शेंद्र्याच्या कारखान्यांत वाहनं आणि त्यांचे सुटे भाग बनत असताना ही विद्या मराठवाड्याला परकी राहू नये असं मला मनापासून वाटतं.

आधी चाकावर काय काय येतं ते पाहू. मोटारीचा रस्त्याशी संबंध फक्त चार ठिकाणी येतो, आणि प्रत्येक ठिकाणी टायरची साधारण तळहाताएवढी जागाच जमिनीला टेकलेली असते. गाडी पळते, थांबते, वळते ती याच जागांच्या जोरावर. तिथे येणारे जोर तीन दिशांचे. पहिला उभा, म्हणजे वजन आणि हादरे. दुसरा पुढे-मागे, ब्रेक दाबला की रस्ता चाकाला मागे ढकलतो, अॅक्सिलरेटर दिला की पुढे. तिसरा आडवा. कन्नडच्या औट्रम घाटात वळण घेताना गाडी बाहेरच्या बाजूला जाऊ पाहते, आणि तिला रस्त्यावर धरून ठेवतो तो हा आडवा जोर.

या तीन जोरांबरोबर तीन पीळ, म्हणजे चाकाला फिरवू किंवा कलंडवू पाहणारे जोर, असतात. चाकाच्या एक्सलभोवतीचा पीळ म्हणजे इंजिनाची किंवा ब्रेकची करामत. दुसरा पीळ चाकाला आत किंवा बाहेर कलंडवू पाहतो. बेअरिंगची खरी परीक्षा त्याच्यातच होते. तिसरा चाकाला उभ्या रेषेभोवती फिरवू पाहतो, आणि स्टिअरिंग हातात जड किंवा हलकं लागतं त्यात त्याचा वाटा असतो. हे सहाही एकाच वेळी येतात, एकमेकांत मिसळून येतात. मोजायचे म्हणजे सहाही वेगळे करून मोजायचे.

गाडीच्या बॉडीवर सेन्सर बसवून हे साधत नाही. रस्ता आणि बॉडी यांच्यामध्ये टायर, पाटे किंवा स्प्रिंग, शॉकअॅब्सॉर्बर असतात. ते हादरा बोथट करण्यासाठीच असतात. बॉडीपर्यंत पोचतो तो उरलासुरला हादरा. मूळ जोर हवा असेल तर टायर आणि हब (चाकाचा एक्सलवर बसणारा मधला तुंबा) यांच्या मध्येच कुठेतरी माप लावायला हवं. म्हणून खास चाक बनवतात. रिमचा मधला भाग काढून टाकतात आणि त्या जागी एक जाड, अचूक घडवलेली धातूची चकती बसवतात. तिच्यात आरे किंवा दांड्या कोरलेल्या असतात. टायरकडून हबकडे जाणाऱ्या प्रत्येक जोराला या दांड्यांतूनच जावं लागतं, दुसरी वाट ठेवलेलीच नसते. दांड्या किंचित वाकतात, आणि ते वाकणंच मोजायचं असतं.

वाकणं म्हणजे डोळ्याला दिसेल असं काही नाही. एक मीटर लांबीत एक मिलिमीटर ताण आला तरी पोलादासाठी तो भरपूर झाला. इतका बारीक बदल पकडण्याचं काम स्ट्रेन गेज करते. धातूची तार ताणली की तिचा विद्युतरोध बदलतो, हे विल्यम थॉमसन यांनी 1856 मध्येच दाखवलं होतं. पुढे ते लॉर्ड केल्विन म्हणून ओळखले गेले. त्याचं वापरण्याजोगं साधन व्हायला 1938 साल उजाडलं. कॅलिफोर्नियात एडवर्ड सिमन्स आणि मॅसॅच्युसेट्समध्ये आर्थर रूज या दोघांनी एकमेकांना न विचारता बारीक तार वस्तूवर चिकटवून ताण मोजायची युक्ती काढली. रूज त्या वेळी भूकंपात पाण्याच्या टाकीवर काय ताण येतो याचा अभ्यास करत होते. किल्लारीचा 1993 चा भूकंप सोसलेल्या आपल्या भागाला या उगमाचं अप्रूप वाटावं.

आजची स्ट्रेन गेज म्हणजे प्लॅस्टिकच्या पातळ पापुद्र्यावर नागमोडी कोरलेली धातूची पट्टी, नखाएवढी किंवा त्याहून लहान. तिचा रोध बहुधा 350 ओहम असतो. वर सांगितलेला मीटरमागे एक मिलिमीटरचा ताण आला तर रोध बदलतो फक्त 0.7 ओहमने. इतका छोटा बदल थेट मोजत बसण्यापेक्षा चार गेजची चौकट करतात. यालाच व्हीटस्टनचा पूल म्हणतात. अकरावी-बारावीच्या भौतिकशास्त्रात तो सगळ्यांनी सोडवलेला असतो. चारही भुजा समतोल असतील तर पुलाच्या मध्ये व्होल्टेज शून्य. दांडी वाकली की दोन गेज ताणल्या जातात, दोन दाबल्या जातात, समतोल बिघडतो आणि काही मिलिव्होल्टचा संकेत मिळतो. उन्हाने किंवा ब्रेकच्या उष्णतेने चारही गेज सारख्याच तापल्या तर चौघींचा रोध सारखाच बदलतो आणि समतोल बऱ्यापैकी टिकतो. मे महिन्यात परभणीचा पारा चाळिशीच्या वर गेलेला असताना चाचणी घ्यायची असेल तर या गुणाचं मोल कळतं. तरी ब्रेक डिस्कची धग चकतीच्या एकाच बाजूला लागते, तिथे हा समतोल पुरा पडत नाही, त्याची वेगळी दुरुस्ती करावी लागते.

गेज चिकटवणं हे हाताचं कसब आहे, आणि सगळ्या महागड्या यंत्रणेचा पाया तेच आहे. धातू बारीक पॉलिश पेपरने घासायचा, आरशासारखा नाही, थोडा खरखरीत राहू द्यायचा. मग अॅसिटोनमध्ये भिजवलेला कापसाचा बोळा एकाच दिशेने पुसत न्यायचा. मागे-पुढे पुसलं तर काढलेली घाण परत त्याच जागी येते. बोळा स्वच्छ निघेपर्यंत नवे बोळे घेत राहायचे. कडक पेन्सिलीने दोन आडव्या-उभ्या रेघा आखायच्या. गेज सेलोटेपला उलटी चिकटवून त्या रेघांवर आणायची, टेप अर्धी उचलायची, फेविक्विकच्या जातीच्या गोंदाचा एक थेंब सोडायचा आणि टेप परत खाली आणत अंगठ्याने दाबून धरायची. साधारण मिनिटभर अंगठा हलवायचा नाही. अंगठ्याची ऊब आणि दाब यामुळे गोंद नीट पक्का व्हायला मदत होते. मग टेप अगदी सपाट मागे ओढत काढायची, बारीक तारा झाळायच्या आणि वरून ओलाव्यापासून बचावासाठी मेण किंवा सिलिकॉनचा थर द्यायचा. खाली हवेचा एक बुडबुडा राहिला तरी ती गेज खोटं बोलते, आणि आत्मविश्वासाने बोलते. आयटीआयच्या मुलामुलींना हे काम शिकवलं तर ती ते इंजिनीअरांपेक्षा चांगलं करतील, याबद्दल माझ्या मनात शंका नाही.

इथपर्यंत सगळं स्थिर वस्तूलाही लागू आहे. चाक फिरायला लागलं की मामला बदलतो.

गेजच्या तारा चाकातून बाहेर काढून गाडीतल्या यंत्राला जोडल्या, तर विहिरीच्या रहाटावर दोर गुंडाळावा तशा त्या एक्सलवर गुंडाळल्या जातील आणि क्षणात तुटतील. जुना उपाय स्लिपरिंगचा. फिरत्या भागावर धातूच्या कड्या, आणि त्यांना टेकलेले स्थिर ब्रश. डायनॅमोत आणि मोटरीत असतात तसलेच. चालतं, अजूनही वापरतात. पण ब्रश झिजतात, धूळ जाते, आणि घासण्याने संकेतात खरखर मिसळते. आपल्याला मोजायचे आहेत मिलिव्होल्ट. त्यात खरखर परवडत नाही.

दुसरा उपाय म्हणजे तार टाळून रेडिओने माहिती पाठवायची. हीच बिनतारी टेलिमेट्री. चाकातच छोटा विद्युतफलक बसवतात. तो गेजचा दुबळा संकेत वाढवतो, लगेच आकड्यांत बदलतो आणि आकडे रेडिओने गाडीतल्या ग्राहकयंत्राकडे पाठवतो. आकड्यांत बदलणं चाकातच उरकतात हे महत्त्वाचं, कारण एकदा आकडा झाला की वाटेतली खरखर त्याला सहजी बिघडवू शकत नाही. आकडा पोचतो किंवा हरवतो, पण सहसा बदलत नाही. बदललाच तर सोबत पाठवलेल्या पडताळणीच्या अंकांवरून तो ओळखता येतो.

किती माहिती जाते? सहा राशी, प्रत्येकीचं सेकंदाला हजार वेळा माप, आणि एक माप 16 बिटचं धरलं तर एका चाकातून सेकंदाला 96,000 बिट निघतात. चार चाकांचे मिळून चार लाखांच्या आत. आजच्या काळात हे काहीच नाही, मोबाइलवरचा साधा व्हिडिओही याहून जास्त खातो. त्यामुळे वायफाय आणि ब्लूटूथ ज्यावर चालतात तो 2.4 गिगाहर्ट्झचा परवानामुक्त पट्टा यासाठी पुरेसा होतो. नव्या गाड्यांत टायरमधली हवा दाखवणारा सेन्सर असतो, तोही चाकातून रेडिओनेच बोलतो. पण तो मधूनमधून एखादाच छोटा निरोप पाठवतो, म्हणून त्याची बॅटरी वर्षानुवर्षं टिकते. सेकंदाला हजार मापं पाठवणाऱ्याला ती चैन नाही. त्याला एक तर दर काही तासांनी बॅटरी बदलावी लागते, नाहीतर बाहेरून वीज पोचवावी लागते. त्यासाठी चाकाजवळ एक स्थिर वेटोळं आणि चाकावर एक फिरतं वेटोळं समोरासमोर ठेवतात. पहिल्यात बदलता प्रवाह सोडला की दुसऱ्यात वीज उपजते. ट्रान्सफॉर्मरचंच तत्त्व, फक्त मध्ये थोडी हवा.

बॅटरी वापरायची म्हटलं तर आणखी एक गोष्ट आडवी येते. ताशी 80 किलोमीटर वेगाने धावणाऱ्या, 30 सेंटिमीटर त्रिज्येच्या चाकाच्या सेकंदाला जवळपास 12 फेऱ्या होतात. केंद्रापासून 15 सेंटिमीटरवर बसवलेल्या वस्तूला त्या वेगात गुरुत्वाकर्षणाच्या सुमारे 84 पट बाहेर ओढ बसते. म्हणजे 10 ग्रॅमचा सुटा भाग 840 ग्रॅमसारखा वागतो. झाळलेले सांधे निखळतात, बॅटरीचे स्प्रिंग दबून संपर्क सुटतो. म्हणून सगळा फलक राळेत बुडवून घट्ट करतात आणि शक्य तितका केंद्राजवळ बसवतात.

रेडिओचीही अडचण असते. या लहरींची लांबी साधारण साडेबारा सेंटिमीटर, आणि चाकाच्या आजूबाजूला सगळं लोखंड: रिम, ब्रेक डिस्क, मडगार्ड. लहरी त्यावर आदळून परततात, एकमेकींना मारतात. फिरताफिरता अँटेना अशा एखाद्या मृत जागेतून जातो आणि प्रत्येक फेरीत त्याच ठिकाणी संकेत तुटतो. म्हणून दोन अँटेना लावतात, किंवा वाटेत हरवलेली आकड्यांची जुडी पुन्हा मागवतात. माझ्या मते सगळ्यात शहाणा उपाय म्हणजे चाकातल्याच मेमरी कार्डावर एक प्रत ठेवणं. रेडिओ तुटला तरी दिवसभराची मेहनत वाया जात नाही. चारही चाकांची घड्याळं एकमेकांशी जुळलेली हवीत हेही ओघाने आलंच. पुढचं चाक खड्ड्यात गेल्यावर किती वेळाने मागचं गेलं हे घड्याळ चुकलं तर कळणारच नाही.

आता या विषयातला सगळ्यात अवघड आणि मला सगळ्यात सुंदर वाटणारा भाग. सेन्सर चाकाबरोबर फिरतो, त्यामुळे त्याचं वर-खाली हे आपलं वर-खाली राहत नाही. गुळगुळीत रस्त्यावर, एकसारख्या वेगात, भार अजिबात न बदलता गाडी चालली तरी प्रत्येक आऱ्याला तो भार फेरीभर बदलत जाणवतो. तो खाली आला की दाबला जातो, आडवा झाला की मोकळा होतो, वर गेला की ताणला जातो. संकेत लाटेसारखा दिसतो. ही लाट उलगडून परत स्थिर भार काढायचा तर चाक त्या क्षणी नेमक्या किती अंशात फिरलेलं आहे हे ठाऊक हवं. त्यासाठी कोन मोजणारा वेगळा सेन्सर लागतो, आणि मग त्रिकोणमितीतल्या साइन-कोसाइनने फिरत्या दिशांतले जोर गाडीच्या दिशांत आणतात.

कोनात चूक झाली तर काय होतं? समजा चाकावर 4,000 न्यूटन उभा जोर आहे, म्हणजे साधारण 400 किलोचा भार. कोन दोन अंशांनी चुकला तर या उभ्या जोराचा एक तुकडा पुढे-मागे दिशेत गेल्यासारखा दिसतो. दोन अंशांची साइन 0.035, म्हणून हा खोटा जोर 140 न्यूटन. डांबरी रस्त्यावर टायर लोळताना त्याला होणारा खरा विरोध भाराच्या साधारण एक टक्का, म्हणजे 40 न्यूटन. मोजायची राशी 40, आणि चूक 140! इंधन वाचवणाऱ्या टायरचा दावा तपासायला निघालेल्याने कोनाच्या सेन्सरवर कंजुषी केली, तर त्याचे सगळे निष्कर्ष कचऱ्यात जातील.

चाचणीआधी शून्य ठरवणंही असंच निगुतीने करतात. गाडी जॅकवर उचलून चाक अधांतरी करतात आणि हळूहळू फिरवतात. तेव्हा सेन्सरवर फक्त टायर-रिमचं स्वतःचं वजन असतं. त्याचीही लाट येते. ती नोंदवून ठेवतात आणि नंतरच्या मापांतून वजा करतात.

ही सगळी उठाठेव शेवटी आयुष्याच्या हिशेबासाठी असते. धातू एका मोठ्या धक्क्याने मोडतो तसा हजारो लहान धक्क्यांनी थकूनही मोडतो. जर्मनीत ऑगस्ट व्होलर या रेल्वे अभियंत्याने 1850 च्या दशकाच्या शेवटी धावत्या डब्यांच्या एक्सलवर स्वतः बनवलेलं, वाकण्याची खूण उमटवणारं उपकरण बसवून खरे भार मोजले, आणि त्यावरून थकव्याचे नियम शोधले. रेडिओ नव्हता, स्ट्रेन गेज नव्हती, पण प्रश्न तोच होता. पुढे 1968 मध्ये जपानमध्ये मात्सुइशी आणि एन्डो यांनी वेड्यावाकड्या भारातून थकवणारी आवर्तनं मोजण्याची रीत मांडली. पॅगोड्याच्या छपरांवरून ओघळणाऱ्या पावसावरून तिला रेनफ्लो म्हणतात. आजही चाकाच्या सेन्सरची नोंद याच रीतीने गाळून, प्रयोगशाळेतल्या हायड्रॉलिक यंत्रावर गाडी बसवून तेच हादरे दिवसरात्र दिले जातात. वर्षांचा प्रवास काही आठवड्यांत उरकतो.

थकव्याच्या या गणितात साधी बेरीज चालत नाही. वेल्डिंगच्या सांध्याचं आयुष्य ताणाच्या साधारण तिसऱ्या घाताने घटतं: हादरा दुप्पट झाला तर आयुष्य एक-अष्टमांश. रस्त्याचं तर त्याहून कठीण. अमेरिकेत इलिनॉय राज्यातल्या ओटावा गावाजवळ 1958 ते 1960 या काळात खास रस्ते बांधून त्यावर ट्रक फिरवले गेले, आणि एक्सलवरच्या भाराच्या साधारण चौथ्या घाताने रस्त्याची हानी वाढते असं आढळलं. भार 20 टक्के वाढला की हानी दुप्पट. आपल्याकडे 2018 मध्ये चार टायरच्या एका एक्सलची कायदेशीर मर्यादा 10.2 टनांवरून 11.5 टन झाली. या हिशेबाने एका फेरीची हानी सुमारे 60 टक्क्यांनी वाढते. त्यात मराठवाड्याची काळी माती. पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसून भेगाळते, आणि वरचा डांबरी थर लाटांसारखा होतो. लाटांवर चाक उसळतं, उसळलेलं चाक रस्त्याला जास्त जोरात हाणतं, लाट आणखी खोल होते.

म्हणूनच मला वाटतं की सहा राशी मोजणारी चाकं फक्त मोटारींसाठी राखून ठेवून भागणार नाही. ती चाकं महाग असतात आणि मोठ्या कंपन्यांना परवडतात. उसाची ट्रॉली मात्र तालुक्याच्या वर्कशॉपमध्ये अंदाजाने बनते. अनेक दोनचाकी ट्रॉल्यांना पाटेच नसतात, हादरा शोषायला काय तो टायर. कित्येकींना ब्रेक नसतात. आणि दिवाळीनंतर उन्हाळ्याच्या तोंडापर्यंत त्या रात्रंदिवस धावतात, तोडणी मजुरांच्या बायकापोरांना वर बसवून.

इथे एक गोष्ट आपल्या बाजूची आहे. ट्रॉलीत चाक फिरतं, एक्सल फिरत नाही. म्हणजे स्लिपरिंग नको, कोनाचा सेन्सर नको, विजेची वेटोळी नकोत. स्थिर एक्सलवर गेज चिकटवल्या की त्याचं वाकणं थेट मिळतं. सहाही राशी नाही मिळणार, पण उभा आणि आडवा जोर बऱ्यापैकी वेगळे काढता येतात, आणि एक्सल मोडण्याचा हिशेब मुख्यतः त्यांचाच असतो. रेडिओ इथेही हवाच, कारण ट्रॅक्टरपासून दोन ट्रॉल्या मागे ओढलेली वायर शेतातून रस्त्यावर चढताना पहिल्याच वळणात तुटेल. पण हा रेडिओ साधा, बॅटरीवरचा, मेमरी कार्डासह चालेल. परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठात कृषी अभियांत्रिकी शिकवली जाते, नांदेडला श्री गुरुगोबिंदसिंगजी अभियांत्रिकी संस्था आहे, छत्रपती संभाजीनगरात शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय आहे. अंतिम वर्षाच्या विद्यार्थ्यांच्या एका गटाला हे काम झेपण्यासारखं आहे, आणि एका हंगामाची नोंद मिळाली तरी वर्कशॉपवाल्याला सांगता येईल की अमुक रस्त्यासाठी एक्सल किती जाड हवा.

सुरुवात करणाऱ्यांसाठी एकच तांत्रिक सूचना. पहिली गेज एक्सलच्या खालच्या बाजूला न लावता वरच्या बाजूला लावा, कारण चाक बाहेरच्या टोकाला वर ढकललं जातं आणि भार मधल्या भागावर खाली येतो. त्यामुळे वरची बाजू दाबली जाते, खालची ताणली जाते, आणि तडा ताणलेल्या बाजूला पडत असला तरी चिखल आणि दगडांचा मारा वरच्या बाजूला कमी असतो. खालचा ताण वरच्या दाबावरून काढता येतो. गेजची जागा हबच्या आतल्या अंगाला, स्टब एक्सल (ज्यावर चाक फिरतं तो टोकाचा आखूड दांडा) मधल्या चौकोनी बीमला वेल्ड होतो त्या सांध्याजवळ, पण वेल्डच्या अगदी कडेला नको. कडेवर ताण इतका झपाट्याने बदलतो की गेज मिलिमीटरभर सरकली तरी आकडा पार बदलतो. वेल्डच्या कडेपासून बीमच्या पत्र्याच्या जाडीइतकं अंतर सोडून एक आणि त्याच्या निम्म्याहून कमी अंतरावर दुसरी अशा दोन लावाव्यात, आणि दोन्ही आकड्यांवरून रेघ ओढून कडेवरचा ताण काढावा.